टोपीवाचून मोठे

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘हुकलेलं’ हा विषय सुचवला आणि पहिलं नाव मनात आलं ते पद्माकर शिवलकर यांचं. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ५८९ बळी, सरासरी १९.६९, डावात पाच किंवा अधिक बळी ४२ वेळा, कसोटी सामने शून्य. ३ मार्च २०२५ रोजी, वयाच्या ८४व्या वर्षी ते गेले. त्यांच्यावर जे लिहून आलं, त्यात बहुतेक ठिकाणी पहिल्याच ओळीत ‘भारताकडून कधीही खेळू न शकलेले’ असं होतं. पंचवीसहून अधिक हंगामांवर पसरलेल्या कर्तृत्वाची ओळख न मिळालेल्या गोष्टीपासून करून द्यावी, हे मला लागलं.

मुंबईत अशी माणसं एक-दोन नाहीत. रणजी करंडक ४२ वेळा जिंकणाऱ्या या शहरात भारताची टोपी मिळालेल्यांची यादी मोठी आहे, आणि ती न मिळता त्यांच्या खांद्याला खांदा लावून खेळलेल्यांची त्याहून कितीतरी मोठी. या दुसऱ्या यादीतल्या माणसांनी नेमकं काय केलं, त्यांची वाट कुठे आणि कशामुळे अडली, हे समजून घ्यायचं होतं. त्यासाठी मी सुरुवात केली ती उपनगरांतल्या मैदानांपासून, कारण आज मुंबईचं क्रिकेट खेळणारी पोरं मोठ्या संख्येनं इथूनच येतात.

मालडब्यातून मैदानाकडे

रविवारी सकाळी सहाच्या सुमारास बोरिवली स्थानकात चर्चगेटच्या गाडीचा मालडबा भरतो तो किटबॅगांनी. भाजीच्या गोणी आणि फुलांच्या पाट्या यांच्या मधल्या जागेत बारा-तेरा वर्षांची मुलं आपल्या उंचीएवढ्या बॅगा उभ्या करून ठेवतात आणि त्यांना टेकून डुलक्या काढतात. सोबत एखाद्याचे बाबा असतात, हातात पाण्याची बाटली आणि डबा. कांदिवली, मालाड, गोरेगाव, अंधेरी करत डबा गच्च होतो. काही दादरला उतरून शिवाजी पार्ककडे वळतात, बाकीचे चर्चगेटला उतरून ओव्हल, क्रॉस किंवा आझाद मैदान गाठतात. मध्य रेल्वेवर मुलुंड, भांडुप, घाटकोपरहून हाच लोंढा सीएसएमटीकडे निघालेला असतो.

उपनगरांत माणसं आली, वस्ती वाढली, मैदानं त्या मानानं आली नाहीत. कांदिवलीत मुंबई क्रिकेट संघटनेचा सचिन तेंडुलकर जिमखाना आहे, महावीर नगरात पय्याडे क्लबचं मैदान आहे, दहिसरला, गोरेगावला, घाटकोपरच्या जॉली जिमखान्यात खेळ चालतो, वांद्रे-कुर्ला संकुलात अकादमी आहे. तरीही जुन्या क्लबांचे तंबू दक्षिणेत आहेत आणि सामने मोठ्या प्रमाणात तिकडेच होतात. त्यामुळे उपनगरातला मुलगा क्रिकेटच्या आधी प्रवास शिकतो. सामना संपवून, पाय ओढत, उभ्यानं दीड तास घरी यायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नेट्सना जायचं, हे ज्याच्या अंगवळणी पडत नाही तो पंधराव्या-सोळाव्या वर्षी गळतो. त्याची कुठेच नोंद होत नाही.

कांदिवलीच्या एका मैदानावर झाडाखालच्या टेबलाशी एक वयस्कर स्कोअरर बसले होते. त्यांच्यासमोर तीन रंगांची पेनं होती. प्रत्येक गोलंदाजाला वेगळा रंग, म्हणजे कोणता चेंडू कुणी कुणाला टाकला ते डाव संपल्यावरही वहीवरून वाचता येतं. शिवलकरांचा विषय काढल्यावर ते म्हणाले की लोक फक्त बळी मोजतात, पण आपण वहीत त्यांच्या नावापुढचे ठिपके बघायचो. ठिपका म्हणजे निर्धाव चेंडू. एका षटकात सहा ठिपके, पुन्हा सहा, पुन्हा सहा. समोरचा फलंदाज तिथेच निम्मा संपलेला असायचा.

पावसातली शाळा

हे ठिपके कसे जमले ते कळायला कांगा लीग समजून घ्यावी लागते. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावानं १९४८ साली सुरू झालेली ही स्पर्धा भर पावसाळ्यात खेळवायची, अशी तिची मूळ कल्पना. देशात इतरत्र क्रिकेट बंद असताना मुंबईत रविवारी सकाळी पंच खेळपट्टीवर अंगठा दाबून बघतात आणि खेळ सुरू करतात. खेळपट्टी उघडी, ओली. धावत येण्याच्या जागेत चिखल, त्यावर लाकडाचा भुसा टाकलेला. सीमेपर्यंत गवत इतकं वाढलेलं की जमिनीलगत मारलेला फटका वाटेतच थांबतो, म्हणून धावा हव्या असतील तर चेंडू उचलून मारावा लागतो. शंभर धावा म्हणजे भरपूर झाल्या.

अशा खेळपट्टीवर चेंडू टप्पा पडल्यावर क्षणभर रुततो आणि मग उसळतो. फलंदाजाची बॅट आधी येते, चेंडू मागून. तो अलगद सिली पॉइंटच्या किंवा शॉर्ट लेगच्या हातात जातो. मंदगती गोलंदाजाला इथे सुख वाटेल, पण सुख अर्धंच आहे. टप्पा वीतभर चुकला तर तोच फलंदाज उचलून मैदानाबाहेर मारतो. म्हणजे कांगा लीगमध्ये टिकायचं तर एकाच जागी, तासन् तास टप्पा टाकता यायला हवा. मुंबईच्या फिरकी गोलंदाजांची शिस्त इथली आहे. ‘मार्शल’ म्हणून ओळखले जाणारे विठ्ठल पाटील यांनी या लीगमध्ये शेकड्यांनी बळी घेतले. भारताची टोपी त्यांनाही मिळाली नाही, पण मैदानावरच्या जुन्या माणसांसमोर नुसतं ‘मार्शल’ म्हटलं तरी पुरतं.

शिवलकर याच शाळेतले. विनू मंकड यांनी त्यांना हेरलं. डावखुरे, चार पावलं टाकून सहज चेंडू सोडणारे. उजव्या फलंदाजाच्या यष्टींवर पडून स्लिपकडे निघणारा चेंडू हे मुख्य अस्त्र. तो पुन:पुन्हा टाकत राहायचं आणि फलंदाजाला बाहेर जाणाऱ्या चेंडूची सवय लागली की त्याच हालचालीत एक सरळ आत घालायचा. यात गुपित काही नाही, कोणताही डावखुरा फिरकीपटू हेच करतो. शिवलकरांचं मोठेपण होतं ते चिकाटीत. साठाव्या षटकातला चेंडू पहिल्या षटकातल्या चेंडूच्याच टप्प्यावर पडत असे.

एकच जागा

मग वाट अडली कुठे? भारतीय संघात डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाची जागा एक. शिवलकर १९६१-६२च्या हंगामात प्रथम श्रेणीत आले, तेव्हा मुंबईच्याच संघात बापू नाडकर्णी होते, कारकिर्दीत एकूण ४१ कसोटी खेळलेले, धाव न देण्याच्या बाबतीत जगात नाव असलेले. भारतीय संघात त्यांच्याशिवाय सलीम दुराणीही होते. म्हणजे सुरुवातीची वर्षं घरातल्याच ज्येष्ठाच्या मागे उभं राहण्यात गेली. नाडकर्णी १९६८ साली थांबेपर्यंत बिशनसिंग बेदी येऊन स्थिरावले होते. बेदींनी १९६६च्या अखेरीस पदार्पण केलं आणि १९७९पर्यंत ६७ कसोटींत २६६ बळी घेतले. ते शिवलकरांपेक्षा सहा वर्षांनी लहान होते.

त्या काळात बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन या चौघांनासुद्धा एकत्र खेळायला मिळालं ते एकाच कसोटीत, १९६७ साली बर्मिंगहॅमला. जे संघात होते त्यांच्यातच प्रसन्ना की वेंकट हा वाद दर मालिकेत चालायचा. बाहेरच्या पाचव्या माणसाला दार उघडायचं कसं? बेदींचा काळ संपला तेव्हा शिवलकर ३९ वर्षांचे झाले होते, आणि ती जागा दिलीप दोशी यांना मिळाली. दोशीही तोवर ३१ वर्षांचे होते, त्यांनीही बरीच वाट पाहिली होती. पुढे आला तो मुंबईचाच रवी शास्त्री.

हरियाणाच्या राजिंदर गोयल यांची गोष्ट अशीच, किंबहुना अधिक जिव्हारी लागणारी. रणजीत त्यांचे ६३७ बळी आहेत. १९७४ साली वेस्ट इंडीजविरुद्ध बंगळूरच्या कसोटीतून बेदींना शिस्तभंगाच्या कारणानं वगळलं, गोयल निवडलेल्या बारा जणांत आले आणि सामन्याच्या सकाळी अकरातून राहिले. पुन्हा संधी आली नाही.

या दोघांबद्दल बोलताना सगळा दोष निवड समितीवर टाकायची सवय आपल्याला आहे. मी तो टाकणार नाही. बेदींना बाहेर ठेवून शिवलकरांना घ्यायला हवं होतं, असं प्रामाणिकपणे म्हणणारा माणूस मला तरी भेटला नाही. पण दौऱ्यावर दुसरा डावखुरा फिरकी गोलंदाज न्यायला काय हरकत होती, मायदेशातल्या एखाद्या आखाडा खेळपट्टीवर दोघांना एकत्र का खेळवलं नाही, हे प्रश्न रास्त आहेत. त्यांना समाधानकारक उत्तर नाही. सुनील गावस्कर यांनी आपल्या ‘आयडॉल्स’ या पुस्तकात जगातल्या थोर खेळाडूंच्या सोबतीनं गोयल आणि शिवलकर या दोघांवर स्वतंत्र लिहिलं. ज्यानं वेस्ट इंडीजच्या तोफखान्याला तोंड दिलं, त्याचा तो निवाडा आहे. माझ्या लेखी तो निवड समितीपेक्षा वजनदार आहे.

चेपॉक, १९७३

शिवलकरांचा एकच सामना निवडायचा तर १९७२-७३चा रणजी अंतिम सामना. मुंबई त्याआधी सलग चौदा वर्षं विजेती होती. तमिळनाडूनं चेपॉकवर खेळपट्टी अशी बनवली होती की पहिल्या दिवसापासून चेंडू हातभर वळावा. त्यांच्याकडे वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार होते, घरचं मैदान होतं. हिशेब चुकीचा नव्हता. मुंबई १५१ धावांत गारद झाली.

मग शिवलकरांनी चेंडू हातात घेतला. १६ धावांत ८ बळी. तमिळनाडू सर्वबाद ८०. मुंबईचा दुसरा डाव ११३ धावांत संपला, आणि तमिळनाडूच्या दुसऱ्या डावात शिवलकरांनी १८ धावांत ५ बळी घेतले, उरलेले पाच एकनाथ सोलकरनं. सर्वबाद ६१. तिसऱ्या दिवशीच्या पहिल्याच चेंडूवर सामना संपला आणि मुंबई सलग पंधराव्यांदा विजेती झाली. एकाच माणसाचे १३ बळी, फक्त ३४ धावांत.

या आकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे. खेळपट्टी दोन्ही संघांना सारखीच होती, आणि समोर कसोटीत नाव कमावलेला गोलंदाज होता. सारख्याच मातीवर शिवलकरांचा टप्पा त्याच्यापेक्षा अचूक पडला. कसोटी क्रिकेटमध्ये आणखी वेगळं काय सिद्ध करायचं असतं?

पुढे १९८७-८८ साली, वयाच्या ४७व्या वर्षी, ते पुन्हा मुंबईसाठी मैदानात उतरले. नंतर शिवाजी पार्कवर पोरांना गोलंदाजी शिकवत राहिले. गाण्याची त्यांना मनापासून आवड होती, आणि त्यांच्या आत्मचरित्राच्या नावातच दैवगती आहे. २०१७ साली क्रिकेट मंडळानं गोयल आणि शिवलकर या दोघांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार एकाच मंचावर दिला. दोघेही तेव्हा पंच्याहत्तरीच्या आसपास पोचलेले होते.

पॅड बांधून बसलेला

फेब्रुवारी १९८८. आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेचा उपान्त्य सामना. शारदाश्रम शाळेचे सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी करत होते, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून जो मुलगा तंबूत बसला होता तो अमोल मुजुमदार. ही आठवण इतक्या वेळा सांगितली गेली आहे की अमोलच्या सगळ्या आयुष्याला तीच चौकट पडली. मला ती चौकट अपुरी वाटते, कारण ज्याला खेळायला मिळालं नाही असा तो माणूस नाही. उलट, तो भरपूर खेळला.

१९९४ साली फरिदाबादला हरियाणाविरुद्ध त्यानं प्रथम श्रेणीतल्या पहिल्याच डावात २६० धावा केल्या. पदार्पणातल्या सर्वाधिक धावांचा हा विक्रम जगात पुढची जवळपास पंचवीस वर्षं टिकला. त्यानंतर दोन वर्षांनी, जून १९९६मध्ये लॉर्ड्सवर गांगुली आणि द्रविड एकदम आले, नोव्हेंबरात लक्ष्मण आला, आणि सचिन आधीपासून होताच. भारताची मधली फळी पुढची दहा-बारा वर्षं बंद झाली. अमोलचं वय त्या वेळी एकवीस-बावीस होतं. म्हणजे खेळाडू म्हणून त्याचं अख्खं तारुण्य नेमकं त्या दरवाजासमोर गेलं.

त्या काळात त्यानं काय केलं? रणजीचे सामने खेळला, सकाळच्या धुक्यात रिकाम्या गॅलरीसमोर. कारकिर्दीअखेर १७१ सामन्यांत ११,१६७ धावा, ३० शतकं, सरासरी ४८.१३. त्यातला मला सर्वांत मोठा वाटतो तो २००६-०७चा हंगाम. तो कर्णधार होता. मुंबईनं पहिले तिन्ही सामने गमावले होते आणि खालच्या गटात घसरण्याची भीती होती. तिथून संघ उपान्त्य फेरीत आला. बडोद्याविरुद्ध दुसऱ्या डावात मुंबईची अवस्था एकही धाव न होता ५ बाद अशी झाली. फलकावर शून्य आणि पाच गडी तंबूत. तरीही मुंबई तो सामना जिंकली, आणि पुढे वानखेडेवर बंगालला हरवून करंडकही.

त्यानंतर तीन वर्षांच्या आत त्याला मुंबई सोडावी लागली. आसाम, आंध्र असं करत तो २०१४ साली थांबला. मग प्रशिक्षक झाला. त्याच्या हाताखाली मुंबई २०२२ साली रणजीच्या अंतिम फेरीत पोचली आणि मध्य प्रदेशकडून हरली. ऑक्टोबर २०२३मध्ये भारतीय महिला संघाची जबाबदारी त्याच्याकडे आली. पुढचं आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. ३० ऑक्टोबर २०२५ला नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावांचं लक्ष्य, भांडुपमध्ये बालपण गेलेल्या जेमिमा रॉड्रिग्जचं नाबाद १२७, आणि २ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक. विजयानंतर कर्णधार हरमनप्रीत त्याच्या पाया पडली.

पण कुणी जेव्हा म्हणतं की चला, अमोलला न्याय मिळाला, तेव्हा मी सहमत नाही. प्रशिक्षकाचं यश हे प्रशिक्षकाचं यश आहे. ते नसतं मिळालं तरी ११,१६७ धावा तेवढ्याच राहिल्या असत्या. फलंदाज अमोल मुजुमदारला थोर म्हणायला विश्वचषकाच्या दाखल्याची गरज नव्हती.

गोराईची शाळा

बोरिवली पश्चिमेला गोराईत स्वामी विवेकानंद शाळेचं मैदान आहे. इथले प्रशिक्षक दिनेश लाड. १९९९च्या सुमारास एका सामन्यात त्यांना ऑफस्पिन टाकणारा एक मुलगा दिसला. आजी-आजोबा आणि काकांकडे बोरिवलीत राहणारा. या शाळेत ये, असं लाड सरांनी सांगितलं, तर महिन्याची २७५ रुपये फी परवडत नाही, असं घरून उत्तर आलं. सरांनी व्यवस्थापनाशी बोलून फी माफ करून घेतली. तो रोहित शर्मा. पुढे त्याला नेटशेजारी बॅट फिरवताना पाहून सरांनी खालच्या क्रमांकावरून वर आणलं. वानखेडेवर आज त्याच्या नावाचा स्टँड आहे, आणि लाड सरांना २०२२चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

त्याच सरांच्या हाताखाली त्यांचा मुलगाही घडला. सिद्धेश लाड, १९९२चा जन्म. मुंबई अडचणीत सापडली की धावून येणारा फलंदाज अशी त्याची ओळख. नोव्हेंबर २०१७मध्ये वानखेडेवर मुंबईचा पाचशेवा रणजी सामना होता, पाहुणे बडोदा. आजी-माजी खेळाडूंचा सत्कार झाला आणि मुंबई १७१ धावांत संपली. बडोद्यानं ५७५ धावांचा डोंगर रचला. पाचशेव्या सामन्यात डावानं हरायची नामुष्की समोर होती. सिद्धेशनं २३८ चेंडू खेळून नाबाद ७१ धावा केल्या आणि सामना अनिर्णित राखला. आयपीएलमध्ये कित्येक हंगाम मुंबई इंडियन्सच्या बाकावर बसून १० एप्रिल २०१९ला त्याला पहिली संधी मिळाली, तीही रोहित दुखापतीनं बाहेर होता म्हणून. पहिल्याच चेंडूवर त्यानं षटकार मारला.

एकच शाळा, एकच प्रशिक्षक. एकाला सगळं मिळालं, दुसऱ्याला भारताची टोपी मिळालेली नाही. गोराईच्या मैदानाबाहेर उभे असलेले पालक रोहितचं नाव घेतात ते साहजिक आहे. मी एका बाबांना विचारलं, तर त्यांना सिद्धेशही ठाऊक होता, त्या २३८ चेंडूंसकट. मुलगा रोहित व्हावा असं त्यांना वाटतंच, पण सिद्धेश झाला तरी आपली पहाटेची गाडी वाया गेली असं आपण समजणार नाही, असं ते म्हणाले.

वेगवान गोलंदाज धवल कुलकर्णीचंही इथे नाव घ्यायला हवं. तो एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने खेळला, पण २००९च्या न्यूझीलंड दौऱ्यावर कसोटी संघात असूनही कसोटी कधीच नाही. मार्च २०२४मध्ये वानखेडेवर विदर्भाविरुद्धच्या अंतिम सामन्यात शेवटची जोडी उरली असताना कर्णधारानं चेंडू त्याच्या हातात दिला. धवलनं शेवटचा गडी त्रिफळाचीत केला, मुंबईला ४२वा करंडक मिळाला, आणि तो त्याच्या कारकिर्दीतला शेवटचा चेंडू ठरला.

निर्लॉनचं फाटक

गोरेगाव पूर्वेला द्रुतगती महामार्गालगत आज निर्लॉन नॉलेज पार्कच्या काचेच्या इमारती आहेत. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली तरुण मुलं-मुली आत-बाहेर करत असतात. कधीकाळी इथे नायलॉनच्या धाग्याचा कारखाना होता आणि निर्लॉनचा क्रिकेट संघ म्हणजे मोठा दबदबा होता. खुद्द गावस्कर निर्लॉनचे. टाटा, मफतलाल, एसीसी, महिंद्र, बँका, रेल्वे, एअर इंडिया, सगळ्यांचे संघ असत आणि टाइम्स शील्डमध्ये त्यांची झुंज लागे.

टोपी न मिळालेल्या खेळाडूंची गोष्ट या कारखान्यांशिवाय समजत नाही. रणजी खेळून तेव्हा घर चालत नसे, मिळायचा तो किरकोळ भत्ता. कंपनीत नोकरी असे, हंगामात रजा मिळे, दुपारी सरावाला सोडत. महिन्याच्या महिन्याला पगार होता म्हणूनच एखादा गोलंदाज भारताच्या संघाची वाट पाहत पंधरा-वीस वर्षं खेळू शकला. क्लबच्या सामन्यात नवशिक्या पोरांना कसोटीवीरासमोर उभं राहायला मिळे, तेही याच व्यवस्थेमुळे. मुंबईची खडूस वृत्ती म्हणून जी सांगतात, ती अशा सामन्यांत रुजली.

कारखाने गेले, तशा या नोकऱ्याही आटल्या. दुसरीकडे पैसा वाढला. चाळीसहून अधिक सामने खेळलेल्या रणजीपटूला २०२१पासून दिवसाला साठ हजार रुपये मानधन ठरलं आहे. ही चांगलीच गोष्ट आहे. पण ती संघात असेपर्यंत. संघाबाहेर गेलेल्या तिशीतल्या खेळाडूला धरून ठेवणारं काही आता उरलेलं नाही. आयपीएलचा करार नसेल तर तो अकादमी काढतो, नाहीतर खेळ सोडतो. ४७व्या वर्षी परत येणारा शिवलकर यापुढे होणं कठीण आहे.

कूपर आणि फार

मोठा मान न मिळालेल्या खेळाडूकडे कसं पाहावं, याचं उदाहरण क्रिकेटबाहेरही आहे. इंग्लंडमध्ये हेन्री कूपर नावाचा मुष्टियोद्धा होता. १९६३ साली वेम्बलीवर त्यानं तरुण कॅसियस क्लेला, म्हणजे पुढच्या महंमद अलीला, डाव्या ठोशानं खाली पाडलं. लढत तो हरला. जगज्जेतेपद त्याला कधीच मिळालं नाही. पण त्याच्या देशानं त्याला दोनदा वर्षातला सर्वोत्तम क्रीडापटू निवडलं आणि २००० साली ‘सर’ हा किताब दिला. त्याच्या आधीचा टॉमी फार हा वेल्सचा खाणकामगार. १९३७ साली तो न्यू यॉर्कमध्ये जो लुईससमोर पूर्ण पंधरा फेऱ्या उभा राहिला आणि गुणांवर हरला. त्याच्या खोऱ्यात ती हार आजही अभिमानानं सांगतात.

पट्टा मिळाला नाही म्हणून तिथल्या लोकांनी त्यांना दुय्यम मानलं नाही. त्यांनी लढत पाहिली आणि लढतीवरून माणूस ठरवला. हे आपल्याला जमायला हवं, आणि मैदानावरच्या जुन्या माणसांना ते जमलेलं आहे, असं मला या सगळ्या फिरण्यात दिसलं. घाटकोपरला भेटलेले एक निवृत्त पंच रणजीपटूंची नावं घेताना कसोटी खेळलेला आणि न खेळलेला असा भेद करतच नव्हते. अब्दुल इस्माईलचा स्विंग आणि मिलिंद रेगेंचं नेतृत्व यांच्याबद्दल ते ज्या आदरानं बोलत होते, त्याच आदरानं सोलकरच्या झेलांबद्दल. भारताची टोपी पहिल्या दोघांना मिळाली नाही, हे मीच मनात नोंदवलं, त्यांनी नाही.

वह्या

पण ही माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. कांगा लीग आणि टाइम्स शील्डच्या त्या काळातल्या सामन्यांचं चित्रीकरण नाही. आकडे आहेत ते प्रथम श्रेणी सामन्यांचे. रविवारच्या ओल्या खेळपट्टीवर कुणी कुणाला कसं बाद केलं, ते फक्त स्कोअरबुकांत आहे, आणि ती स्कोअरबुकं क्लबांच्या तंबूतल्या पेट्यांत, नाहीतर स्कोअररांच्या घरी माळ्यावर. पावसाळ्यात त्यांना बुरशी लागते, वाळवी लागते. क्लबचा तंबू नव्यानं बांधला की पेट्या रद्दीत जातात. कांदिवलीच्या त्या स्कोअररांकडेही जुन्या वह्यांचा गठ्ठा होता. घर लहान म्हणून त्यातल्या निम्म्या त्यांनी काढून टाकल्या.

मुंबई क्रिकेट संघटनेला माझं सांगणं आहे की या वह्या गोळा करण्याचं काम हाती घ्यावं. छायाचित्रं काढून ठेवायला फार खर्च येत नाही. कांदिवली, गोरेगाव, घाटकोपर इथल्या मैदानांना, त्यांच्या गोलंदाजीच्या टोकांना कसोटी न खेळलेल्या मुंबईकरांची नावं द्यावीत, म्हणजे मालडब्यातून येणारी मुलं ती वाचतील आणि विचारतील. आणि तुमच्या घरात कुणी क्लब किंवा कंपनीकडून खेळलेलं असेल, माळ्यावर एखादं जुनं स्कोअरबुक असेल, तर या दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीवाल्याला देऊ नका. आपल्या क्लबकडे पोचवा, आणि ज्यांनी ते सामने पाहिले त्यांच्याशेजारी बसून उतरवून घ्या.